धामण चावल्यानं कोणी मरत नाई

हॅलो?… हॅलो, स्वाती?… मीच, आदेश. माह्या फोनवर दुसरं कोण बोलीन?

तिकडं सावली गावात थंडी पडली का?… बरं, नको सांगू.

अवं ऐक ना, ठेवू नको! मी रोज आत्मपरीक्षण करून राह्यलो.

आत्मपरीक्षण. अवं, कॉलेजात शिबिर झालं होतं ना, तिथी सांगतलं होतं… रोज संध्याकाळी शांत बसाचं अन् सोतालेच इचाराचं, का आज माहं काय चुकलं.

कुठी बसतो मंजे? मागच्या खोलीत, कापसाच्या गंजीवर… झोपत नाई! आईनं सांगतलं का तुले?… हो, घोरलो असीन. खोल चिंतनात श्वास जड होते. ते शास्त्रीय आहे.

निघालं ना. बरंच निघालं. तू मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले माहेरी गेली अन् तिथीच थांबली, त्याची सारी कारणं तपासली मी. पयलं मंजे, मामाजीनं, मंजे तुह्या बाबानंच, मले जावई मनून पयल्या रांगेत बसवलं. मागं बसवलं असतं तर साप मले दिसलाच नसता…

हो, हो… माहं काय चुकलं त्याच्यावरच येऊन राह्यलो. पण नाटकवाल्याईनं साप चुकीचा आणला का नाई, तू सांग. माणूस माराचा आहे तर नाग आणा, मण्यार आणा. ओठावर काळ्या रेघा, एवढाले डोळे… ते तर धामण झाली! धामणीले विषच नसते. मी झूऑलॉजीचा…

हो, कापडाचा होता. समजते मले.

बरं, उभं राहून 'धामण चावल्यानं कोणी मरत नाई' मनाले नको होतं. मान्य. पण बसून मनलो असतो तर ऐकू कोणाले आलं असतं?

हासले तर मी काय करू? मी माहिती देल्ली. आमच्या कोरपन्याकडं मंडई नसते, मले काय माहीत नाटकात बोलाचं नसते… अन् खरं सांगू का, साप चावून मेलेले मामाजी स्टेजवर तसेच पडून राह्यले असते तर लोक एवढे हासले नसते. प्रेत उठून बसलं अन् 'कोण बोलला रे' मनलं, त्याच्यात माहा काय…

नाई, नाई! ठेवू नको! चूप. मी चूप. तू सांग.

…काऊन? उद्या मार्कंडा गावात नाटक आहे ना मामाजीचं?… तोंडाले रंगच लावत नाई मनते? कधीच?… जेवते ना पण?… अर्धा भात तसाच ठेवते. हं.

…आहो, आहो मी. ऐकून राह्यलो.

माहा दोष? रोजच काढतो ना. शेवटी एकच निघते, का मी लय खरं बोलतो.

हॅलो?… हासली का तू?… नाई हासली. बरं.

कोणाले देतं फोन? मामाजीले? नको! स्वाती, माही तयारी नाई… अवं…

नमस्कार, मामाजी. हो, बरा आहो. आईपण बरी आहे. कापूस वेचणं चालू आहे… हो…

…काय मनलं?

नाई मामाजी, तुमचं मरणं चांगलंच होतं.

खरंच मनून राह्यलो! ते पाय झाडणं तर… सापाचं सोडा. सापाचं आता मी बोलतच नाई.

मंग काऊन उठलो?… मंजे… शास्त्रीयदृष्ट्या पायलं तर…

थांबा मामाजी. जरा इचार करू द्या मले.

आई, तो कुकर बंद कर ना!… तुमाले नाई मनलो मामाजी.

तुम्ही ना, बांधावर पडले. नाटकातल्या पोरीचं नाव घेतलं. अन् मातीवरून असा हात फिरवला… मंग तो हात थांबला. अन् मले वाटलं, मामाजी खरंच चालले. मी इकडं पाहो, तिकडं पाहो, कोणीच उठेना. मनून सापाकडं पायलं, तर धामण. एवढं हलकं वाटलं ना मले, मामाजी… मनून उठलो. तुमाले सांगाले, का मरू नका, तुमाले काही होत नाई.

हो. तुमालेच सांगत होतो. लोकाईले नाई.

…मामाजी?… हॅलो?

स्वाती? मामाजी कुठी गेले?… बाहेर? कोणाले सांगून राह्यले?… 'जावयाले खरं वाटलं'? साऱ्या मोहल्ल्याले? अवं, थांबव त्याईले!… रडलो नाई मी. शामियान्यात धूळ होती.

…बरं. थोडा रडलो.

हो, माफी राह्यलीच. आले का ते? दे.

मामाजी, माहं चुकलं. तुमचा प्रवेश मी नासवला… नाई, आता कारण नाई सांगत.

उद्या? येतो ना. स्वातीले न्यालेपण येतोच… मनते का ती, येईन मनून?… बरं झालं.

पयल्या रांगेत? नको मामाजी… बरं, बसतो.

नवा साप आणला? माह्यासाठी? रबरी?… कसा आहे?… हिरवा. पातळ. तोंड टोकदार.

…

मामाजी, हे तर हरणटोळ! त्याच्यानंपण कोणी मर… नाई, नाई. मस्त आहे. लय मस्त आहे.

काहीच नाई मनलो मी! तुम्ही बिनधास्त मरा, मामाजी. ठेवतो.