ठिबकचा राक्षस

परत स्पर्धेत का उतरत न्हाई म्हणता? ऐका मग.

कॉलेज सोडल्यावर मी शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या कापून राक्षसाचा पोशाख केलता. कुणासाठी न्हाई, मजा म्हणून. तो घालून बांधावर फिरायचो, पोरं आरडत पळायची, बास. पण आमच्या बापाला पोरगं फुकट खूश झालेलं बघवत न्हाई. म्हणाला, "अंबाजोगाईला वेशभूषा स्पर्धा हाय. नंबर आण, न्हाईतर हे सगळं भंगारवाल्याला देतो."

गेलतो. स्टेजवर परीक्षक सर म्हणाले, "बाळा, तू कोण झालास? सामाजिक संदेश काय?"

विशीतल्या घोड्याला बाळा!

"राक्षस हाय सर. संदेश न्हाई."

"असं कसं? संदेश असतोच." ते माझ्याभोवती फिरले, मागची नळी ओढून बघितली आणि माइक हिसकून घेतला. "मंडळी, हा दुष्काळाचा राक्षस! आणि ठिबक सिंचनानं त्याला कसा जखडलाय बघा!"

टाळ्या थांबेनात. मी ओरडलो, "ओ सर, ते शेपूट हाय!" कुणी ऐकलं न्हाई. पहिला नंबर मलाच. लई बोलायचं होतं, पण पोशाख वाचला होता, म्हणून बक्षिसाची ढाल घेऊन खाली उतरलो.

घरी बापानं ढाल टीव्हीवर मांडली. पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पुढल्या वर्षी तुषार सिंचन हो. तुला जिल्ह्याला नेतो."