हेल्गाबाईंचा झाडायचा आठवडा

मी आयुष्यात मनापासून झाडू एकदाच मारलाय, तोही स्टुटगार्टमध्ये, गळ्यात आमच्या टीमचा मफलर घालून.

आमच्या गल्लीतला फुटबॉलवाल्यांचा जुना पब नव्या घरमालकाने बंद केला. पब चालवणाऱ्या हेल्गाबाई त्याच बिल्डिंगमध्ये वर राहायच्या. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी आम्ही सहाजण त्यांचं सांत्वन करायला गेलो, तर त्यांनी प्रत्येकाच्या हातात झाडू दिला.

"या आठवड्यात माझी केअरवोखं आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे बिल्डिंगसमोरचा फुटपाथ त्यांनी झाडायचा; दर आठवड्याला पाळी दुसऱ्या मजल्याकडे जाते. तिकडे हे चुकवणं म्हणजे पाप.

मॅच सुरू व्हायच्या सुमाराला त्यांनी पबच्या पायरीवर रेडिओ ठेवला आणि आम्ही झाडायला लागलो. तेवढ्यात मालक आला.

"पब बंद आहे. घरी जा."

"बंदच आहे की. आम्ही झाडतोय," मी म्हणालो.

"सहाजण?"

"घाण फार झालीय," हेल्गाबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या.

त्याने पोलीस बोलावला. पण स्टुटगार्टचा पोलीस झाडणाऱ्याला कसा हटकणार? त्याने हळूच विचारलं, "आल्झो... म्हणजे, किती वेळ लागेल?"

"नव्वद मिनिटं. मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती," हेल्गाबाई म्हणाल्या.

पोलीस गेला. मालक दात-ओठ खात म्हणाला, "पुढच्या शनिवारी बघतो तुम्हाला."

"बघाच," हेल्गाबाई म्हणाल्या. "पुढचा आठवडा तळमजल्यावरच्या पबचा, म्हणजे आता तुमचा. झाडू तेवढा आणा, माणसं आमची येतील."