इटलीचं पार्सल

इलिंका – खोटं बोललीस तर मी ओळखणार आहे हं मावशी. तुझे कान लाल होतात.

मावशी – कान थंडीने लाल झालेत गं. किशिनाऊ शहरातून गाडीने येताना खिडकीपाशी जागा मिळाली आणि ती मेली खिडकी बंदच होईना. बरं, विचार. आजी म्हणते दोन दिवस जेवली नाहीस, शाळेतही गेली नाहीस. काय झालंय?

इलिंका – हे खोकं कुठून आलं?

मावशी – आईने पाठवलंय की. इटलीहून. त्यात तुझं...

इलिंका – बघ, झाले लाल.

मावशी – इलिंका.

इलिंका – शनिवारी मी स्वतः स्टॉपवर गेले होते. इटलीहून खोकी आणणारी गाडी आली. मित्याकाकाने एकेक खोकं खाली घेऊन नावं वाचली. शेजारच्या दोरूचं वाचलं, पलीकडच्या झिनाआजीचं वाचलं, आपलं नाहीच. मी विचारलं तर म्हणाला, पोरी, तुमच्या नावाचं खोकं मी आजवर कधी आणलेलंच नाही. घरी आले तर हे टेबलावर. आणि दोरूच्या खोक्याला कसा साबणाचा वास येतो, इटलीचा. ह्याला आपल्या तळघराचा येतोय. लोणच्याचा.

आजी – मित्या पिऊन गाडी हाकतो. त्याचं काय मनावर घेतेस.

इलिंका – आजी, तू तळघरातून वर आलीस तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस.

आजी – गुडघे दुखत होते म्हणून पायरीकडे बघत होते.

मावशी – आई, राहू दे गं आता. पकडलंय तिने आपल्याला.

इलिंका – मला माहितीय खरं काय ते. ती काही पाठवतच नाही. विसरली आपल्याला. आमच्या वर्गातल्या सांदाचं पण असंच झालं. आधी तिची आई रोज फोन करायची, मग म्हणाली कॅमेरा बिघडला, मग तिकडेच तिला दुसरं बाळ झालं. आपल्या आईचा पण कॅमेरा बिघडलाय ना? म्हणून परवा रविवारी मी फोनवर सांगून टाकलं तिला. येऊ नकोस म्हटलं. राहा तिकडेच.

मावशी – माहितीय मला.

इलिंका – तुला कसं माहीत?

मावशी – तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते.

आजी – ऑरिका. गप्प बस.

मावशी – नाही बसणार. फोन ठेवला ताईने, भिंतीकडे तोंड केलं आणि मला काय म्हणाली सांगू? 'बरंच झालं, माझ्यावाचून राहायची सवय होतेय तिला.' ऐकलंस आई? सवय. त्यानंतर मला झोप नाही, कामात लक्ष नाही, म्हणून आज रजा टाकून आलेय आणि आज मी बोलणार. मग तू मला घराबाहेर काढ नाहीतर काय वाटेल ते कर.

आजी – आठ वर्षांची पोर आहे ती. अर्ध्या गावाच्या आया कामाला इटलीत आहेत, तिचीही आहे म्हटलं तर कुणी मान वळवून बघत नाही. ते दुसरं एकदा कळलं की जो तो हिच्या डोक्यावरून हात फिरवेल आणि पाठ वळली की कुजबुजेल. मी बघितलंय ते. पोरीला ते नको होतं मला.

इलिंका – ते दुसरं म्हणजे काय? मावशी, तू इटलीत होतीस?

मावशी – नाही गं राणी. कुणीच इटलीत नव्हतं. तुझी आई किशिनाऊला आहे, दवाखान्यात. नाताळ झाल्यावर गेली ना, तेव्हापासून. मधेमधे सोडतात तेव्हा माझ्या खोलीवर असते, माझ्या पलंगावर, मी खाली गादी टाकते, आणि तुझा फोन यायच्या आधी ती दोन दोनदा घसा खाकरते, आवाज नीट लागावा म्हणून... ते जाऊ दे. ती आजारी आहे. तिला कॅन्सर झालाय.

आजी – थू, थू, थू. घरात त्याचं नाव घेऊ नकोस.

मावशी – तीन महिने नाव घेतलं नाही. गेला का तो?

इलिंका – म्हणजे काय झालंय तिला?

मावशी – म्हणजे... थांब, गाडीत सगळं पाठ करत आले होते, आता एक आठवेल तर शपथ. हां. आपलं अंग असतं ना, ते बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाहीत एवढ्या बारीक. जुन्या जातात, नव्या येतात, आणि कुठे थांबायचं ते त्यांना कळतं. आईच्या छातीतल्या काहींना ते कळेना. त्या वाढतच सुटल्या आणि त्यांची गाठ झाली. डॉक्टरांनी गाठ कापून काढली. पण एखादी कुठे दडून बसली असेल तर? म्हणून आता सलाईनमधून कडक औषध देतात, दर तीन आठवड्यांनी. ते वाईट पेशींना मारतं, पण चांगल्यांनाही सोडत नाही. म्हणून तिला उलट्या होतात, जिना चढली की दम लागतो. केसही गेलेत.

इलिंका – सगळे?

मावशी – सगळे. भुवया पण. कॅमेरा बिघडलेला नाही.

(आजी चुलीवरचं सूप उगाच ढवळत राहते.)

इलिंका – मीच तिला जा म्हटलं होतं.

मावशी – कुठे जा म्हटलंस?

इलिंका – इटलीला. संत निकोलाच्या सणाला दोरूला इटलीहून सायकल आली ना, तेव्हा. मी म्हटलं, तू पण जा की, म्हणजे मला पण येईल. मग ती गेलीच. मला वाटलं माझ्यामुळे गेली. आता तर आजारी पण माझ्यामुळेच पडली.

आजी – अगं बाई. तीन महिने हे पोटात घेऊन फिरत होतीस?

इलिंका – तू पण फिरतच होतीस ना.

मावशी – इकडे बघ. कान बघ माझे, नीट बघ. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. कुणी काही बोललं म्हणून हा आजार होत नाही. तू सायकल मागितलीस त्याच्या कितीतरी आधीपासून ती गाठ होती, फक्त कुणाला ठाऊक नव्हती. रागावून होत नाही, हट्ट करून होत नाही, आणि पापी घेतली तर दुसऱ्याला लागतही नाही.

इलिंका – ती मरेल?

आजी – हे बघ, हेच. म्हणूनच मी...

मावशी – मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ वेळेवर सापडली, औषध लागू पडतंय, अजून दोनदा द्यायचंय. नक्की बरी होईल असं त्या म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. पण पुढे जे होईल, चांगलं किंवा वाईट, ते त्याच दिवशी तुला सांगेन. इटली बिटली काही नाही.

इलिंका – शपथ?

मावशी – तुझ्या आईची शपथ.

आजी – मला वाटलं होतं, पोरीला कळायच्या आत बरी होऊन येईल. दर वेळी खोकं बांधताना म्हणायचे, हे शेवटचं. पास्ता तरी बाजारातला त्यातल्या त्यात बरा बघून आणायचे मी.

इलिंका – चॉकलेटं चांगली होती.

आजी – ती महाग होती.

इलिंका – मावशी, किशिनाऊ किती लांब आहे?

मावशी – तासभर. रस्त्यात गाड्या तुंबल्या तर सव्वा तास.

इलिंका – आणि इटली?

मावशी – दोन दिवस लागतात.

इलिंका – म्हणजे इतके दिवस आई एक तासावर होती.

मावशी – हो.

इलिंका – मला आत सोडतील?

मावशी – वॉर्डात लहान मुलांना नाही सोडत. पण मागे बाग आहे, बाकं आहेत, ऊन असलं की दुपारी ती खाली येऊन बसते. तुला सर्दी खोकला नाही ना? तो तिला चालत नाही. नसेल तर शनिवारी नेते.

इलिंका – आज ऊन आहे.

मावशी – आज? आज कसं... आई, तू बोल काहीतरी.

आजी – अकराची गाडी आहे. सूप बरणीत भरते, तिथलं जेवण काही तिच्या घशाखाली उतरत नसणार. इलिंका, फणी घेऊन ये, वेणी घालते.

इलिंका – नको. तिला केसच नाहीत आणि मी वेणी घालून कशी जाऊ? मी टोपी घालते.

आजी – बस इथे. सैलच घालते मी. तिथे पोचेपर्यंत सुटेल, मग तुझी आई घालून देईल.