अशोकचा बिनकुलपाचा सर्व्हर

त्या अशोकचं नाव काढू नका, माझा चहा कडू होतो. नागापूरच्या कारखान्यात आम्ही दोघांनी एकेक सर्व्हर लावला. मशीन अडकलं तर घरून बंद-चालू करता यावं म्हणून त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या पार गाभ्यात, ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला. मी वर लांबलचक पासवर्ड टाकला. शनिशिंगणापूरचा अशोक हसला, "आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, ह्याला कशाला कुलूप?"

रविवारी दोन्ही मशीन अडकली. साहेबांनी अशोकचं घरूनच चालू केलं. माझा पासवर्ड विचारायला फोन केला, तेव्हा मी वरातीत नाचत होतो. सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "काम करावं तर अशोकसारखं!"

तेव्हापासून त्याच्या सर्व्हरमध्ये एखादा चोर शिरावा म्हणून दर शनिवारी शनीला तेल वाहतोय. पण देव पडला त्याच्याच गावचा!