अंबाडीला पस्तीस

भिवंडी स्टँडवर वाड्याच्या गाडीत कंडक्टर महादूच्या कानावर दोघींचं बोलणं पडलं.

"हौसावयनी, तुमचा भावेश टीव्हीवर खेळतोय नि तुम्ही गाडीत?"

"म्हनून तं निघाले गो. मी बघितलं का तो औट."

"मग शेजारी बसायचं!"

"बसलेली. शून्यावर गेला. अंबाडीपर्यंत गेले तवा पस्तीस केले. पार वाड्याला गेले तवा साठ!"

"आणि आज?"

"आज शंभर केले तं इंडियात घेतील, म्हनतात."

महादू तिकिटं फाडत जवळ आला.

"एक वाडा दे रं, बाबा."

"देतो. पण मावशी, तिथं थांबू नका. पुढं जव्हारची गाडी लागलेली असते."