कळप मोजायचा नसतो

रेणुकाची आई, तिचे वडील तात्या, गावकरी मंडळी आणि मुलांनो,

तीस वर्षं मी याच शाळेत फळ्यासमोर बोलतोय. आज रेणुकाच्या शोकसभेत बोलतोय.

रेणुका इथलीच विद्यार्थिनी. मानवतला कॉलेजात गेली, तरी रोज संध्याकाळी शाळेत यायची. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, असा वर्ग तिनंच सुरू केला. काविळीनं आठ दिवसांत गेली.

आज मला माझी एक चूक सांगायची आहे.

गेल्या वर्षी चौथीतल्या सखूला मी विचारलं, "तुमच्या मेंढ्या किती? त्यातल्या पाच हरवल्या, तर उरल्या किती?" सखू गप्प. रोज विचारलं. रोज गप्प. मी तिच्या वहीत लिहिलं, 'गणितात कच्ची.' तिचे वडील म्हणाले, मग मेंढरांमागंच धाडतो.

ती वही घेऊन रेणुका माझ्याकडं आली. तीही मेंढपाळाच्याच घरची.

"सर, तिला मोजता येतंय. ती मोजणार न्हाई."

"म्हणजे?"

"आमच्यात कळप मोजून सांगत न्हाईत. नजर लागती. अन् तुमी तर वर पाच हरवून बसलात!"

"मग विचारू काय?"

"लिंबाची झाडं विचारा की. झाडं कुठं पळून जायलीत?"

मी झाडं विचारली. सखूनं भागाकारसुद्धा केला. वर मलाच म्हणाली, "ह्ये तर लय सोपं हाय, सर." मग रेणुका तिच्या वडिलांना जाऊन भेटली. सखू आज पाचवीत आहे. ही काय, समोर बसलीय.

पण त्याआधीच्या वर्षांत? किती मुलं अशी गप्प बसली असतील? किती वह्यांत मी 'कच्ची' लिहिलं? तेव्हा मला सांगायला रेणुका नव्हती. आता पुन्हा नाही.

ती गेल्यापासून वर्ग भरलेला नाही. पोरं येतात, चटईवर बसतात, दाराकडं बघतात आणि उठून जातात. उद्यापासून मी त्यांच्यात बसेन. शिकवायला नाही. सखू शिकवेल, मी ऐकेन. रेणुकाची जागा त्यानं भरणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मघाशी दारात एकानं विचारलं, बातमीत द्यायचंय, लोक किती आले? मी रेणुकाच्या आईकडं पाहिलं. म्हटलं, नका मोजू.

आता आपण उभे राहू. मिनिटंही मोजू नका. तिची आई बसली, की आपण बसू.