डिप्पर नसलेली गाडी

चुलवाणाकडं सरका जरा, थंडी लई हाय. आन् ऐका. मधी बोलायचं न्हाई कुणी. बाजीराव, तू तर न्हाईच! परवा तुझ्या पिकपला ती पांढऱ्या लायटीची पट्टी बसवलीस, तवाच ही गोष्ट सांगायची ठरवली.

मी वडापची जीप चालवायचो, गावोगाव शिटा भरून, ठावं हाय तुमास्नी. एका दिवाळीला तिचे पिवळे बल्ब काढले आन् पांढरे घातले. वर बंपरवर ही लांबलचक पट्टी. काय उजेड, म्हणता! मिस्त्री म्हणाला, "आण्णा, ह्या लायटीचा आरसा जुन्या बल्बाच्या मापाचा. ह्यो उजेड समोरच्याच्या डोळ्यात जाणार. पट्टीला तर उजेड खाली करायला डिप्परच न्हाई. आन् कायद्यात बसत न्हाई, साहेब पावती फाडंल." मी म्हणलं, तू बसव रं. पासिंगच्या दिवशी जुने बल्ब घालायचे, संध्याकाळी परत पांढरे. सगळेच करत्यात. असा माझा माज!

त्याच पौषात केरबा गेला. केरबा शिंगाडे, माझ्या बरोबरीचा. शेताची लाईट रातची असायची, म्हणून सायकलीवरनं पाणी पाजायला निघालेला. सकाळी माळाच्या वळणावर, त्या बिनकठड्याच्या विहिरीत सापडला. लोक म्हणले, झोप लागली असंल.

झोप न्हाई, बाबांनो. आजवर कुणाला बोललो न्हाई. त्या राती वळणावर समोरनं सायकल आली. त्यानं हातातली बॅटरी खालीवर केली, उजेड कमी कर म्हणून. मग डोळ्यावर हात धरला. मी गेलो पुढं. मागं धप्पकन आवाज झाला. ऐकला मी. आन् थांबलो न्हाई.

पोलीस गाड्या बघायला आले, तवर माझे बल्ब पिवळे, पट्टी उतरवलेली! महिन्यानं पुन्यांदा सगळं चढवलं. थू माझ्या जिंदगानीवर.

वर्ष झालं. पौषच. माणसं सोडून मी रिकामी गाडी घेऊन निघालो. एकटाच. वळण आलं, आन् समोर एक मिणमिणता उजेड. खाली, वर. खाली, वर. वाटलं, असंल कुणी. उजेड आला, आला, आन् गाडीतनं आरपार गेला! मागं बघतो तर रस्ता मोकळा. पुढं बघतो तर पुन्यांदा तोच उजेड. खाली, वर. आरं देवा! पट्टीचं बटण दाबलं. बंद हुईना! दाबतोय, दाबतोय, कुठलं काय! आन् मग मागचं बघायच्या आरशातनं आला की वो पांढरा लोट. माझ्याच दिव्याचा उजेड, माझ्याच डोळ्यात! रस्ता गेला. हात दिसंना. ब्रेकवर उभाच राहिलो.

उतरलो, चाचपडत बॉनेट उघडलं आन् वायरीच उपटल्या. मिट्ट काळोख. डोळं निवल्यावर बघतो तर पुढचं चाक विहिरीपास्नं इतभर. इतभर!

तवर शेजारी पाणी गळल्याचा आवाज. टप. टप.

"कोण हाय?"

मी कसाबसा बोललो, "म... महिपती."

"महिपती व्हय! बरं झालं गड्या, वळखीचा भेटलास." केरबाच! न्हाऊन उठल्यागत वला, एक हात अजून डोळ्यावर. "मला काय दिसंना बघ. नुसतं पांढरं. तेवढं सांग, ती गाडी कुणाची हुती?"

राग न्हाई, शिवी न्हाई. आपण पत्ता इचारतो तसं इचारलं त्यानं.

बघतायसा काय माझ्याकडं? मी काय सांगितलं आसंल? म्हणलं, "बाहेरची असंल."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "बाहेरचीच असंल. गावातला असता तर थांबला असता."

आन् विहिरीत उतरून गेला. पाण्याचा आवाज सुदीक झाला न्हाई.

जीव वाचला माझा. लायटी काढल्या, पुढं जीपच इकली. त्याच्यानंतर लई येळा गेलो त्या वळणावर, चालत, बॅटरी न घेता. हाका मारल्या. केरबा, मीच रं तो! कोण येतंय? त्यानं एकदाच इचारलं.

तवा ऐका. रातचं त्या वाटंनं जाऊ नका. गेलाच तर समोर उजेड दिसला की आपला दिवा खाली करा, मग समोर माणूस असू दे न्हाईतर कोण असू दे. बाजीराव, ती पट्टी उद्याच्या उद्या काढ. पायजे तर मी तुझ्या पाया पडतो.

आन् एक. उद्या सकाळी मी केरबाच्या घरी जाणाराय, हिराक्काला सांगायला. अजून ती म्हणती, नवऱ्याला झोप लागली. कुणीतरी संगं चला रं. एकट्याचं पाय उचलत न्हाईत.